त्याच्या शेजारी दगडूजी

परवा आईचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "अगं, नहेम्या लागला."

दुसऱ्या कुणी ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, गावात काहीतरी साथ आलीय. पण लोकांच्या घरी जसा मृग लागतो, श्रावण लागतो, तसा आमच्या घरी नहेम्या लागतो. नहेम्या हे आमच्या पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं एक पुस्तक. रोज संध्याकाळी सात वाजता त्यातला एक अध्याय वाचायचा, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आणि शेवट झाला की पुन्हा पहिलं पान. पाहुणे, लग्नं, आजारपणं आणि जाणारी लाईट हे सगळं धरून एका फेरीला चारेक वर्षं लागतात. त्यामुळे आमच्याकडं काळ मोजायची रीतच निराळी. माझी दहावी यशयात झाली आणि लग्न स्तोत्रांत. "तू झालीस तेव्हा गणना चालू होतं," असं आई सांगते, आणि त्यात माझीच काही चूक असल्यासारखं सांगते. गणना म्हणजे पानंच्या पानं शिरगणती, ज्यांनी ते वाचलंय त्यांना तिचा सूर कळेल.

यंदाचा नहेम्या मागच्या खेपेसारखाच नेमका गळीत हंगामात लागला. मी बारामतीत एका छापखान्यात मुद्रितं तपासते. लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, शाळांची स्नेहसंमेलनाची पत्रकं. शुक्रवारी काम आटोपून गावी, कळसला निघाले, तर रस्ता सगळा उसाचा. दोन दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, त्यांच्यावर ठणठणणारी गाणी, मागून लोंबणारी उसाची हिरवी वाढी चालता चालता ओढून खाणारी एखादी म्हैस. जंक्शनच्या फाट्यावर एसटीतून उतरले आणि हवेत तो वास आला. कारखान्याच्या मळीचा वास ज्याला आवडतो तो माणूस मला अजून भेटायचाय, पण चार महिने तो नाकात गेला नाही तर मला करमत नाही. दूर कुणीतरी उसाचं पाचट पेटवलं होतं. त्याची काळी पिसं उडत येऊन माझ्या पांढऱ्या ओढणीवर बसली. झटकायची नाहीत, फुंकायची, नाहीतर रेघ उमटते. हे मला लहानपणी कुणीतरी शिकवलं होतं, आणि बहुधा ओरडूनच शिकवलं असणार.

चार वर्षांपूर्वीचा तो हंगाम मला असाच वासासकट आठवतो.

आधी पप्पांबद्दल सांगितलं पाहिजे. त्यांचं नाव शमुवेल, पण गावाच्या तोंडी ते शामूगुरुजी. आयुष्यभर प्राथमिक शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर शाळा घरी आणली. ण आणि न, ळ आणि ल, श आणि स यांच्यासाठी त्यांनी जेवढा जीव टाकला तेवढा आमच्यासाठीही टाकला नसेल. आमच्या घरी "पानी" मागितलं तर पाणी मिळायचं नाही. "पाणी" म्हणा, मग तांब्या हलणार. एसटीच्या कंडक्टरलाही त्यांनी एकदा "इंदापूर हाय, इंदापूर हाय" असं ओरडताना थांबवून "आहे" म्हणायला लावलं होतं. त्या बिचाऱ्यानं म्हटलं आणि वर तिकीटही दिलं. आई म्हणायची, स्वर्गात गेल्यावर हा माणूस देवदूतांच्या उच्चारातल्या चुका काढेल.

आणि या माणसाची वाचा गेली. दिवाळी नुकतीच झाली होती. अंगणात दाढी करताना हातातलं रेझर पडलं, ते उचलायला वाकले आणि तिथंच बसले. बारामतीच्या दवाखान्यात बारा दिवस काढून घरी आणलं तेव्हा उजवा हात ठेवू तिथं राहत होता, आणि तोंडातून जे येत होतं त्याला शब्द म्हणता येत नव्हतं. डोळे मात्र अगदी तेच. कुणी चुकीचं बोललं की त्या डोळ्यांना अजून लागायचं. दवाखान्यातल्या वाचा-उपचाराच्या बाईंनी सांगितलं, पहिले काही महिने सोन्याचे आहेत, यांना रोज मोठ्यानं वाचायला लावा, ओळखीचं काहीतरी, रोज म्हणजे रोज.

ओळखीचं म्हणजे काय ते आम्हाला सांगायला नको होतं. पण अडचण अशी की खूण होती नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायावर.

हा नहेम्या परक्या राजाच्या पदरी पेले भरून देणारा माणूस. आपल्या गावाची तटबंदी पडली, वेशी जळाल्या, हे त्याच्या कानावर येतं. तो रडतो, उपास करतो आणि मग राजाकडून रीतसर रजा आणि पत्रं घेऊन गावी जातो. (पप्पांचा तो लाडका, त्याचं अर्धं कारण ही रीतसर रजा असावी असा मला संशय आहे.) पहिले दोन अध्याय छान आहेत. तिसरा अध्याय म्हणजे यादी. कोणत्या वेशीपासून कोणत्या बुरुजापर्यंत कुणी भिंत दुरुस्त केली, त्याच्या शेजारी कुणी, त्याच्या शेजारी कुणी. बत्तीस ओव्या आणि नावं अशी की निरोगी माणसाची जीभ लचकावी. मशुल्लाम, मशेजबेल, मल्कीया. मी आईला म्हटलं, या वेळी हा अध्याय गाळू, एखादं सोपं स्तोत्र घेऊ. पप्पांना अर्धी स्तोत्रं पाठ होती.

आई चुलीपुढं होती. वळलीसुद्धा नाही.

"खूण हाय तितनंच वाचायचं. त्यांनी आजवर काय गाळलंय का?"

खरंच काही गाळलं नव्हतं. वंशावळ्या, मापं, मेंढरांचे आकडे, सगळं वाचून घेतलं होतं आमच्याकडून. माझ्या मते तो हट्ट होता. आई त्याला विश्वास म्हणायची. या दोन गोष्टींमध्ये नेमका फरक काय याचं मला लहानपणापासून कुतूहल आहे, आणि अजून तरी मला रेघ ओढता आलेली नाही. शेवटी आईनं एवढं मान्य केलं की एका संध्याकाळी अध्याय न घेता एकच ओवी घ्यायची. ती आधी आई वाचेल, मग पप्पा.

पहिल्या तीन संध्याकाळी नुसता घशाचा आवाज. आई त्यांचं बोट धरून ओळीवरून फिरवायची. पप्पांच्या गालावरून घाम यायचा, थंडीच्या दिवसांत. मी त्या हंगामात कळसलाच राहून रोज बारामतीला ये-जा करत होते; संध्याकाळी भिंतीला टेकून बसलेली असायचे आणि लाज वाटायची, कारण मला उठून जावंसं वाटायचं. चौथ्या संध्याकाळी पप्पांचे ओठ एकदम जुळले आणि आवाज आला.

"दगडूजी."

आई पुतळ्यासारखी झाली. मीही. दगडूजी हे नाव आमच्या घरात नऊ वर्षांत कुणी घेतलं नव्हतं.

दगडूजी म्हणजे गावातले गवंडी. पप्पांचे पहिलीपासूनचे सोबती, एका पाटीवर दोघं लिहायचे म्हणे. गावात पंधरावीस घरांची आमची ख्रिस्ती मंडळी, आणि तिचं छोटंसं चर्च. दगडूजी आमच्यातले नव्हेत, माळकरी माणूस, पण चर्चला पूर्वेकडून भिंत घालायची ठरली तेव्हा पप्पांनीच त्यांना बोलावलं. भिंत झाली. आणि मंडळीच्या सभेत, सगळ्यांसमोर, पप्पांनी शुद्ध मराठीत सांगितलं की ही भिंत वाकडी आहे, हिला शेळी टेकली तरी पडेल. लोक हसले. दगडूजींनी थापी उचलली, भिंतीचा सरळपणा बघायचा ओळंबा गुंडाळून खिशात घातला आणि गेले. त्यानंतर दोघं एकमेकांना रस्त्यात दिसले तरी एक जण पानटपरीकडं वळायचा. भिंत अजून उभी होती. शेळ्या रोज टेकत होत्या.

आईला वाटलं, माणूस निघायच्या आधी जुन्या सोबत्याला बोलावतोय. तिनं पदर डोळ्याला लावला आणि मला म्हणाली, उद्या सकाळी जा आणि घेऊन ये. मी गेले. दगडूजी शाळेमागच्या एका बांधकामावर होते, गिलावा चालला होता. मी खालून सांगितलं. त्यांनी थापीवरचा गिलावा भिंतीवर मारून सारखा केला. मग म्हणाले, "मला? नावानं?" मी म्हटलं, नावानं. वाचा गेल्यापासून पहिला शब्द तुमचाच. ते खाली उतरले, हात धुतले, परत धुतले. सिमेंटचे हात दोनदा धुवावेच लागतात, पण ते तिसऱ्यांदाही धुवायला लागले तेव्हा मला कळलं की त्यांना वेळ हवाय.

संध्याकाळी आले. त्यांना बघून पप्पांच्या चेहऱ्यावर जे उमटलं तो आनंद नव्हता. नुसता गोंधळ. हा इथं कसा, असा. आईला ते दिसलं नाही, ती पुस्तक उघडत होती. तिनं त्या दिवसाची ओवी वाचली, अमक्याच्या शेजारी तमक्यानं डागडुजी केली. पप्पांनी बोट ठेवलं, जोर केला, आणि पुन्हा तेच, "दगडूजी." मी मान लांब करून पानावर बघितलं. बोट कुठल्या शब्दावर होतं ते बघितलं.

मुद्रितं तपासणाऱ्या बाईला हे कालच कळू नये? पानभर तोच शब्द होता. डागडुजी, डागडुजी, डागडुजी. लुळ्या जिभेवरून काना घसरला, ड चा द झाला, आणि आम्ही एका माणसाला त्याच्या नऊ वर्षांच्या रागातून उठवून आणलं. दगडूजी तोवर सतरंजीवर मांडी घालून बसले होते, टोपी गुडघ्यावर, आणि त्यांचे डोळे भरले होते. अशा वेळी शुद्धलेखन काढणं माझ्याच्यानं झालं नाही.

त्यांचं त्यांनाच कळलं, तिसऱ्या दिवशी. तोवर ते आपणहून यायला लागले होते, काम सुटलं की हातपाय धुऊन बरोबर सातला. त्या दिवशी आईनं ओवी जरा सावकाश वाचली आणि दगडूजींनी डोकं वर केलं. परत वाचा म्हणाले. आईनं परत वाचली. त्यांनी पप्पांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि मी खाली बघितलं.

"म्हंजी गुरुजी मला न्हाय, भिंतीला हाका मारत हुतं," ते म्हणाले. आणि आईनं कपाळावर हात मारून घेतला.

मला वाटलं आता टोपी उचलतील. त्यांनी टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर ठेवली आणि विचारलं, पुढं कोन हाय?

त्यांच्या त्या प्रश्नानं आमच्या प्रार्थनेची रीतच बदलली. आजवर आम्ही ती यादी औषधासारखी घेत आलो होतो. पण आता समोर एक गवंडी बसला होता, आणि त्याच्या दृष्टीनं ही नावांची जंत्री नव्हती, चालू काम होतं. पानी कुठनं आनलं? चुना का माती? एका माणसाकडं किती फूट? जळालेले दगड परत वापरले, मग ते ठिसूळ न्हाय झालं? आईला यातलं काही येत नव्हतं, मला त्याहून कमी. पण मलाही आता जाणून घ्यायचं होतं. मी छापखान्यात दुपारच्या सुट्टीत पुस्तक घेऊन बसायला लागले. बघावं तर काय, भिंतीवर सोनार होते, अत्तरवाले होते, पुजारी होते. शल्लूम नावाचा एक जण मुलींना घेऊन आला होता. कितीतरी जणांनी आपापल्या घरासमोरचा तुकडा बांधला होता. तकोवकर म्हणून लोक होते, नाव असं की फलटणकडचे वाटावेत. त्यांनी काम केलं, पण त्यांच्यातल्या बड्या मंडळींनी मान वाकवली नाही, असं चक्क लिहून ठेवलंय. हे ऐकल्यावर दगडूजी म्हणाले, सगळीकडं पुढारी सारखंच. उकिरडा वेस म्हणून एक होती, तीही एकानं बसवली, कड्याकोयंड्यासकट. "ते काम कोन घेत न्हाय," दगडूजी म्हणाले, आणि त्या माणसाचं नाव त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं. मल्कीया. ते नाव त्यांच्या कायमचं लक्षात राहिलं. सोनारांची नावं लगेच विसरले.

डागडुजी हा शब्दही मला तेव्हापासून छळतो. कपड्यावर पडतो तो डाग. तांब्याच्या भांड्याला जोड देतात तोही डाग. अंगावर घालतात तो डागिना. आणि डुजी म्हणजे काय? मी आमच्या छापखान्यात येणाऱ्या दोन निवृत्त प्राध्यापकांना विचारलं. एक म्हणाले नुसतीच यमकाची जोड असेल, दुसरे म्हणाले बघून सांगतो, ते अजून बघतायत. पप्पांना विचारायची सोय तेव्हा नव्हती. आता आहे. आता ते बोलतात, सावकाश, शब्द एकेक करून पुढं ठेवत. परवा शुक्रवारी विचारलं तर म्हणाले, "ठाऊक न्हाय."

हे "न्हाय" ही त्याच हंगामातली गोष्ट. पप्पांची भाषा परत आली ती आम्ही ओळखत होतो ती नव्हती. त्यांच्या लहानपणची होती. हाय, न्हाय, व्हय, हितं, तितं. शाळेत शिकून, शिकवून, चाळीस वर्षं घासूनपुसून बसवलेलं सगळं बाजूला राहिलं आणि खालचं वर आलं. वाचा-उपचाराच्या बाई म्हणाल्या, असं होतं कधी कधी, जे आधी शिकलेलं तेच आधी येतं. त्यांनी हे सहज सांगितलं. मी मात्र एसटीत जंक्शनपर्यंत त्यावर विचार करत आले. म्हणजे आमचे पप्पा, ज्यांनी "पानी" मागणाऱ्याला तहानलेलं ठेवलं, ते आतून सबंध आयुष्य "पानी"च म्हणत होते? मला हसू आलं आणि पाठोपाठ फार वाईट वाटलं. एका संध्याकाळी त्यांनी दगडूजींकडं बघून "पानी" म्हटलं. दगडूजींनी तांब्या उचलला, तो हातात तसाच धरला, आणि अगदी गंभीरपणे "पाणी म्हना गुरुजी" म्हणाले. आई तोंडाला पदर लावून आत पळाली. पप्पांनी डाव्या हातानं तांब्या ओढून घेतला.

अशा बत्तीस संध्याकाळी गेल्या. तिसरा अध्याय संपला आणि चौथा लागला.

चौथ्या अध्यायात भिंत अर्धी झालीय आणि टिंगल करणारे येऊन उभे राहतात. त्यातला तोबीया नावाचा एक जण म्हणतो की हे लोक बांधतायत त्या भिंतीवर कोल्हा जरी चढला तरी ती ढासळेल. आईनं ते भरभर वाचलं. वाचून झाल्यावर तिच्या लक्षात आलं आपण काय वाचलं. मी पप्पांकडं बघायचं टाळलं, तरी दिसलंच. मान खाली, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल. आजवर ही गोष्ट त्यांनी दहाबारा वेळा तरी वाचली असेल, आणि दर वेळी स्वतःला नहेम्याच्या बाजूला धरूनच वाचली असेल. आपण सगळेच तसं वाचतो. या खेपेला ते दुसऱ्या बाजूला सापडले होते, आणि ज्याच्याबद्दल बोलले होते तो माणूस चार हातांवर बसला होता.

दगडूजींनी टोपीची घडी सारखी केली आणि विचारलं, मग पुढं पडली का भिंत? आई म्हणाली, न्हाय पडली. बावन्न दिवसांत पुरी झाली. दगडूजींनी मान हलवली. पप्पांचे ओठ तेव्हा हलायला लागले ते त्या संध्याकाळी थांबलेच नाहीत. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, दगडूजींनाच, हे आंधळ्यालाही कळलं असतं. दगडूजी बसून राहिले, आठ वाजले, साडेआठ वाजले. पप्पांच्या तोंडून नुसता "स" येत होता. शेवटी त्यांनी डावा हात मांडीवर आपटला.

त्या दिवसापासून त्यांना यादीत, नावांत, कशात रस उरला नाही. दुपारी अंगणात उसाकडं तोंड करून बसायचे आणि "स, स" चालू. आईला वाटलं साखर मागतायत. मधुमेहाच्या माणसाला तिनं एक दिवस चोरून गोड चहा दिला. त्यांनी तो थुंकला. मला वाटलं सकाळ पेपर, मग सुनीता, माझी धाकटी बहीण. नाताळ आठ दिवसांवर आला होता. अंगणात पाचटाची पिसं पडत होती आणि तो माणूस एका अक्षराशी झगडत होता. मला कळत होतं की हा शब्द आला नाही तर पप्पांच्या लेखी वाचा आलीच नाही. बाईंनी सांगितलेले सोन्याचे दिवस आपले आपण उडून चालले होते. मी तेव्हा प्रार्थना केली. मला प्रार्थना फारशी जमत नाही, मध्येच प्रश्न पडतात. पण केली. देवा, हवं तर बाकीची भाषा राहू दे, हा एक शब्द दे, म्हणाले, आणि कुठला ते मला ठाऊक नव्हतं.

पुढं कितीदा तरी मी त्यांना विचारलंय, की पप्पा, पहिल्या दिवशी तुम्ही खरंच वाचत होता की हाक मारत होता? एकदा म्हणाले, वाचत हुतो. एकदा म्हणाले, हाक. यंदा विचारलं तर माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की जणू मी परीक्षेत प्रश्नच चुकीचा लिहून घेतलाय. दगडूजींचं मत पक्कं आहे. ते आता गुडघ्यांमुळे सुप्याला मुलीकडं असतात, माळावर चरायला येणारी हरणं मोजतात आणि फोनवर मला म्हणतात, तुमच्या त्या पुस्तकात माजं नाव तीस येळा हाय.

नाताळच्या दिवशी चर्चमध्ये मावत नव्हते इतके लोक. पुण्याहून, नगरहून पोरंबाळं आलेली, नव्या साड्यांचा वास, करंज्यांचा वास आणि दारातून येणारा तो मळीचा. पप्पांना दगडूजींनीच आणलं, दंडाला धरून. नऊ वर्षांत त्यांनी त्या आवारात पाऊल ठेवलं नव्हतं. भिंतीच्या बाजूनं न येता ते लांबच्या फाटकानं आले, हे मी बघितलं. दोघं पहिल्या बाकावर बसले. उपासनेच्या शेवटी प्रार्थना करायचा मान मंडळीत वडील म्हणून पप्पांचा, कित्येक वर्षांचा. पाळकसाहेब भले गृहस्थ, नेमके त्या जागी येऊन अडखळले, आता कुणाला सांगावं म्हणून. तेवढ्यात पप्पा उठले.

सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. काठीवर भार टाकून ते उभे राहिले, वेदीकडं पाठ करून वळले, आणि शेजारच्या माणसाकडं बघायला लागले. लोक थांबले. एक पोर रडलं, त्याला कुणीतरी बाहेर नेलं. पप्पांच्या गळ्याची शीर वर आली. "स," झालं. परत "स." आईनं माझं मनगट धरलं. हळूहळू एकेकाचे डोळे उघडायला लागले, कारण एवढी लांब शांतता म्हणजे प्रार्थना नव्हे हे कुणालाही कळतं.

"दगडूजी," पप्पा म्हणाले. "भिंत सरळ हाय."

ळ असा लखलखीत, की शाळेतल्या फळ्यासमोर उभं राहून म्हटल्यासारखा. माझ्या माहितीत पप्पा आयुष्यात एकदाच खोटं बोलले ते हे, आणि तेही चर्चमध्ये, नाताळच्या दिवशी, सगळ्या मंडळीदेखत. मला रडू फुटलं, आणि मी ते आवरलं नाही.

दगडूजी उठून उभे राहिले. खिडकीतून पूर्वेची भिंत दिसते. त्यांनी एक डोळा बारीक करून तिच्याकडं बघितलं, गवंडी बघतात तसं, खालपासून वरपर्यंत.

"न्हाय गुरुजी," ते म्हणाले. "दोन बोटं भाईर हाय. म्या तवाच बगितलं हुतं."

मग दोघंही खाली बसले. पाळकसाहेब "आमेन" म्हणाले, कारण दुसरं काय म्हणावं ते त्यांना सुचेना.